उजव्या दाराची काच

१२ मे, रविवार
आबा आजही गाडीतून उतरायला तयार नाहीत. जेवण तिथेच नेऊन दिलं. अंगणातली अॅम्बेसेडर — इंजिन केव्हाच काढलेलं, बाकीची दारं काचा वर करून तारेने बांधलेली. फक्त ड्रायव्हरचं दार चालतं. त्याची काच अर्ध्यावर अडून बसली आहे.
"काच लावल्याबिगर डायव्हर गाडी सोडत नसते बे!" मला म्हणाले. मुलगा म्हणून ओळखलं की क्लीनर समजले, कोण जाणे.
रात्रभर तसेच बसून राहतात. पाय सुजलेत.

१४ मे
शेजारच्या जनकाबाईने रोजच्यासारखं कुंपणावरून विचारलं, "गुलाबराव, निघाली का शेगावले?"
"दोन शीट बाकी आहे!"
दोघंही हसले. दिवसातलं आबांचं हसू तेवढंच. उभं आयुष्य मलकापूर स्टेशनवरून शेगावच्या सवाऱ्या नेल्या त्यांनी.

१५ मे
माझी बायको अनुपमा चिडली. "देऊन टाका ते डबडं भंगारात. निदान घरात तं झोपतीन बुढे."
देववत नाही. गाडी गेली तर आबांजवळ उरणार काय?

१७ मे
आबांना संडासला जायचं होतं. अर्ध्या काचेवरून हात बाहेर घातला, बाहेरची मूठ ओढली, उतरले. आतली मूठ वर्षानुवर्षं तुटलेलीच आहे. माझं नाव विसरले, आईचं विसरले — हात मात्र बरोबर मुठीवर जातो.


१९ मे, रविवार
आज बसलोच. दाराचा पुठ्ठा काढला. आत काचेची मशीन गंजलेली, ग्रीसचा दगड झालेला. डिझेल टाकून दाते घासले, पट्टीतली माती काढली. आबा बाजूला खुर्चीवर.
"हळू! काच आहे ते, बैल नाही!"
दुपार कलल्यावर काच हलली. गेली वरपर्यंत! खाली घेताना मात्र फार जड — मलाही दोन्ही हात लावावे लागले. वापरून रुळेल.
आबा सीटवर जाऊन बसले, दार उघडं ठेवूनच स्वतः हँडल फिरवलं, काच वर घेतली. उतरले. दार लोटलं. घरात येऊन खाटेवर झोपले! अनुपमा पदराने डोळे पुसत होती.

२१ मे
रोज संध्याकाळी काच लावतात आणि आत येतात. आज बुद्धवंदनेला माझ्या शेजारी बसले. शब्द आठवत नव्हते, पण शेवटपर्यंत हात जोडलेले होते. मी कधी काही मागत नाही. आज मनात म्हटलं, एवढंच राहू दे.

२२ मे
पायांची सूज उतरली. उद्या बुद्धपौर्णिमा. आबांचा पांढरा सदरा धुऊन ठेवला.

२४ मे, शुक्रवार
आबांना आज माती दिली.
काल दुपारी ते सदरा घालून खाटेवर झोपले होते. आम्ही विहारात गेलो. आलो तर आबा उन्हाने तापलेल्या गाडीत — दार लावलेलं, काच पूर्ण वर. बाहेरून मूठ ओढली, लगेच उघडलं.
जनकाबाई मघापासून एकच सांगते आहे, "काचेतून हात हलवत होते, भाऊ. मले वाटलं, निघाले शेगावले. म्याही हलवला."