ज्वारीची दोन पोती आणि माझ्या बरगड्या

सोलापूर, माघ महिना, १९७४

रा. रा. अण्णाराव यांना शिवपुत्राचे शरणु शरणार्थी.

इकडील सर्व क्षेम आहे, म्हणजे दोन बरगड्या सोडून बाकी सर्व. तिकडे दुधनीत आपली, वहिनींची आणि सासूबाईंची प्रकृती कशी आहे? सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर दिवाळीआधीच निघालं आणि आता त्या बाजारापर्यंत चालत जातात, हे ऐकून आनंद झाला. (मग त्यांच्या सेवेला गेलेली आपली बहीण अजून तिथंच का, असं मी विचारणार नाही. निघताना तिनं "मी नसताना तुमचं कसं व्हायचं?" म्हटलं होतं आणि मी "माझं काय अडतंय?" म्हणालो होतो. रुद्राणी स्वतः शब्दाची पक्की, तिनं माझाही शब्द पक्का धरला.)

आता बरगड्यांचं. तालीम सुटल्यापासून मी घरीच वजनं उचलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. विटांच्या थरांवर ठेवलेल्या फळीवर उताणं पडायचं आणि दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या लावलेला दांडा छातीवरून वर ढकलायचा. पन्नाशीच्या मास्तराला हे शोभत नाही, मान्य; पण शोभेल तेवढंच करायचं ठरवलं तर दिवसाकाठी चहा आणि पेपर एवढंच उरतं. एकट्यानं उचलायचं म्हणजे सुरक्षेची साधनं हवीत, आणि ती माझ्याकडे होती. कमरेला गिरणीतल्या यंत्राचा जुना चामडी पट्टा, मदतीला हाक मारायला गळ्यात शाळेची शिट्टी, आणि मुख्य म्हणजे फळीच्या दोन्ही अंगांना आपण पाठवलेली ज्वारीची पोती. हात दमलेच तर दांडा पोत्यांवर टेकेल आणि मी खालून सरपटत निघेन. ही युक्ती अनेक वर्षं चालली, आणि तिच्याबद्दल मी स्वतःची पाठ पुष्कळदा थोपटून घेतली.

गेल्या रविवारी हात दमले. दांडा उजव्या पोत्यावर नीट टेकला, आणि डावीकडून खाली उतरत उतरत माझ्या बरगड्यांवर येऊन बसला. डावं पोतं निम्म्यावर आलं होतं! रुद्राणी गेल्यापासून माझ्या भाकऱ्या शेजारच्या चंद्रव्वा करतात. त्या मागल्या दारानं येतात आणि दाराजवळच्याच पोत्यातून दाणे नेतात. म्हणजे माझी सुरक्षा मीच पिठल्याबरोबर खाल्ली होती. शिट्टी मानेमागे गेलेली. पुढे असती तरी फुंकायला श्वास कुठला?

तेवढ्यात चंद्रव्वा आल्याच. "मास्तर, झोपलाय व्हय? दाणे घिऊन जाते की." माझ्या तोंडून नुसतं "हं" निघालं. त्याला होकार समजून त्यांनी त्याच पोत्यातून मापटं भरलं आणि दांडा आणखी कलला. मी पाय झाडले तेव्हा कुठे त्यांनी वळून पाहिलं, आणि "अगं बया" म्हणत टोकाला खांदा लावून मला मोकळं केलं. मी पोत्याकडे बोट दाखवलं, तर म्हणतात, "आक्का दोनी पोत्यातनं सारकंच घ्यायच्या. पोती उतरली की तुमच्या फळीखालची ईट काढायच्या. मला वाटलं, काय तरी नेमधरम असंल."

अण्णाराव, विटा कमी होताना मला दिसल्या होत्या. मी समोरच्या गवंड्यावर संशय घेतला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. (त्याची माफी मागून झाली.) पोती जेवढी खाली, तेवढी फळीही खाली, म्हणजे दांडा माझ्या छातीच्या वरच अडावा. रुद्राणी रोज भाकरीचे दाणे काढताना माझा जीव सांभाळत होती आणि कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी ऐकलं नसतं, हेही तिनं ओळखलं असणार. हल्ली संध्याकाळी मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन बसतो. तिची फार आठवण येते. माझं अडतंय, पुष्कळच अडतंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं.

आपला,
शिवपुत्र

ता. क. नवी ज्वारी पाठवाल त्याच गाडीतून रुद्राणीलाही पाठवावं. ज्वारीची घाई नाही.

आणखी एक ता. क. वरचा ता. क. रद्द समजावा. माणसाला पोत्यासारखं मागवायचं नसतं, न्यायला जायचं असतं. सोमवारच्या एसटीनं मीच येतो. ती लगेच निघाली नाही तर ओसरीवर बसून राहीन, मला हाकलू नये. तिची ट्रंक तेवढी आपण स्टँडवर पोचवावी, कारण डॉक्टरांनी मला पाण्याची कळशीसुद्धा उचलायची बंदी केली आहे. ती म्हणेल, मीच उचलते. उचलू देऊ नका.