कोमट

रविवार, ५ जानेवारी

पोचले एकदाची! वाशिमहून एसटीने शिरपूर. कडेवर चिऊ, पाठीवर बॅग, आणि पाळणा कंडक्टरने स्वतःहून खाली उतरवून दिला. सातारच्या माणसाला इतकं आपलेपण पहिल्याच दिवशी मिळालं की संशयच येतो. पण घरमालकीण कस्तुराबाईंनी तर हद्दच केली. मी कुलूप उघडायच्या आत त्यांनी चिऊला घेतलं आणि मला म्हणाल्या, "तू चहा घे वं, हे आता माही."

दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे लिंबाची सावली. ऋषिकेश पुण्यातून महिन्यातून एकदा येणार. मी कारखान्यात, चिऊ दिवसभर कस्तुराबाईंकडे. चिऊ दहा महिन्यांची आहे. खरं नाव संस्कृती, माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. एवढ्याशा जिवाला ते पेलत नाही, म्हणून आम्ही चिऊ करून टाकलं. बाळंतपणानंतरची माझी ही पहिली नोकरी. ऋषिकेश म्हणतो, इतक्या लांब कशाला? मी म्हटलं, पॉलिमरमध्ये एमएस्सी काय तुझ्या डब्याची झाकणं लावायला केली?

सोमवार, ६ जानेवारी

कस्तुराबाईंनी सकाळी चिऊला न्हाऊ घातलं. पाय लांब करून बसल्या, तिला पायांवर पालथी घेतली आणि प्रत्येक तांब्याआधी पाण्याची धार स्वतःच्या मनगटावर सोडून पाहिली. तीनदा गार पाण्याचं विसण घातलं. मला वाटलं, इतकं काय ते. आमच्या आईचंही असंच असायचं.

मग कारखाना. रिसोड रस्त्याला, सोयाबीनच्या शेतांमधली एक पत्र्याची शेड. मालक जगदेवभाऊ स्वतः शेतकरी, दहा एकरांत विहीर आणि डोक्यात हजार कल्पना. आम्ही बनवतो ते साखरेसारखे पांढरे दाणे. मातीत टाकले की पावसाचं पाणी पिऊन फुगतात आणि पावसाने ओढ दिली की मुळांना पाजतात. कस्तुराबाईंना संध्याकाळी समजावलं. मोनोमर म्हणजे सुटे मणी, पॉलिमर म्हणजे त्यांची माळ, आणि माळा एकमेकींत अडकवल्या की जाळं होतं, त्या जाळ्यात पाणी बसतं. त्या म्हणाल्या, मणी मोजते कोण?

प्रश्न बरोबर आहे. मोठ्या केटलमध्ये, म्हणजे रसायन शिजवायच्या टाकीत, माळ किती लांब झाली हे वेळेवर कळलं पाहिजे. त्याच क्षणी दुसरं रसायन टाकून जाळं विणायचं. लवकर टाकलं तर माल पातळ. उशीर झाला तर अख्खी केटल दगड. हे सांगणारं यंत्र तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून दुरुस्तीला गेलंय. मग सांगतं कोण? सोजरबाई!

साठीची बाई, जवळच्या तांड्यातली. अकरा हंगाम ऊसतोडीला आमच्या कराडकडे, त्यातले चार गुऱ्हाळावर. बादलीत नमुना काढते, बाही सारते, मनगटापर्यंत हात घालते आणि बोटांत रस ताणून पाहते. एकतारी, दोनतारी. "टाका," म्हणाली की केटलवरचा कामगार भाऊसिंग दुसरं रसायन ओततो. मी हसले. मग घड्याळ लावून, नमुने काढून तपासलं. चारही केटलींत बाई अचूक. गुळाचा पाक असाच बघतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे कौतुकच वाटलं.

हातमोजे का घालत नाही विचारलं. म्हणाली, मोज्यातून तार लागत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन चिऊला तांड्यावर नेलं. सोजरबाईची सून संगीता लाडू वळत होती. मला नवल वाटलं. आख्ख्या कारखान्याला तार सांगणारी सासू ओट्यावर रिकामी बसलेली आणि पाक सून करतेय. सोजरबाईची चार वर्षांची नात अंगणात खेळत होती, भर दुपारी मांड्यांपर्यंत लोकरी मोजे. आजीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर संगीताने पोरीला सरळ उचलून आत नेलं.

मला राग आला. सुना अशाच असतात असं मी, स्वतः सून असून, मनात म्हणाले. सोजरबाईने चिऊकडे नुसतं पाहिलं, हात लावला नाही.

सोमवार, २० जानेवारी

वाईट दिवस. सोजरबाई नवस फेडायला पोहरादेवीला गेली आणि जगदेवभाऊंना माल हवा होता. मी माझ्या पद्धतीने, नमुना तळाला भोक असलेल्या पेल्यातून किती वेळात गळतो ते मोजत बसले. मोजेपर्यंत उशीर झाला. केटल बसली. आतला माल रबरासारखा घट्ट, तो भाऊसिंग आणि तिघे जण विळ्याने कापून काढतायत, उद्याही काढतील.

जगदेवभाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तीन महिन्यांनी तुमाले कायम कराचं हाय मॅडम, तोवर यंत्राची वाट पाहण्यापेक्षा बाईच्या हाताखाली हातच तयार करा.

ड्रमवर लिहिलेलं असतं आणि मला ते न वाचताही पाठ आहे. आमचा मोनोमर, अक्रिलामाइड, कातडीतून आत जातो आणि नसांना खातो. माळ पुरी होईपर्यंत बादलीत सुटे मणी उरलेलेच असतात. हे सोजरबाईला माहीत नाही. मला माहीत आहे. मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर केटल कोण बघणार?

गुरुवार, २३ जानेवारी

मोजा घालून तीनदा पाहिलं. काही कळत नाही. चौथ्यांदा काढला. एकदाच, म्हटलं.

रस कोमट असतो, अंगाच्या उबेपेक्षा जरासा जास्त. बोटं उघडली की तार येते, तुटते, पुन्हा येते. आणि एक क्षण असा येतो की तुटत नाही. मी म्हटलं, टाका. सोजरबाई म्हणाली, बराबर. परीक्षेत पहिली आले होते तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

गुरुवार, ३० जानेवारी

आता केटली माझ्याकडेच आहेत. रोज तीन. बोटांच्या टोकांची सालं निघतायत, तळवे सारखे ओले. कस्तुराबाई म्हणतात थंडीने होतं, तेल लाव. लावलं. तेल लावलेलं कळलं नाही. डोळ्यांनी दिसलं तेवढंच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी ब्लाउजचे हूक लागेनात. पेनही बोटांत आहे की नाही ते बघून ठरवावं लागतंय. अक्षर बघा कसं झालंय.

रात्रीपासून चिऊ किरकिर करत होती. मी कपाळाला हात लावून पाहिलं, ताप नव्हता. थोपटून झोपवली. सकाळी कस्तुराबाईंनी तिला घेतलं आणि किंचाळल्याच, लेकरू भाजून राह्यलं ना वं, तुले समजलं नाही? एकशे दोन होता. डॉक्टरकडे नेलं, उतरला. कस्तुराबाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती नजर मी तांड्यावर संगीताच्या डोळ्यांत पाहिली आहे.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

उद्या जगदेवभाऊंना सांगणार, यंत्र येईपर्यंत मी हात घालणार नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे. मग दुपारी केटल तयार झाली, सोजरबाई बाजूच्या शेडमध्ये होती, आणि मी पाहिलं तर माझा हात बादलीत होता. मी घातला असणार. दुसरं कोण घालणार?

आणि लागलं! सगळं लागलं. ऊब, ओल, तार. गेल्या आठवड्याभरात हाताला पहिल्यांदा काहीतरी लागलं. बाहेर काढला की लाकूड.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज बादलीत मऊ काहीतरी तळव्याला टेकलं. गोल, भरलेलं. चिऊचा गाल. मला आधी कळलं, मग पटलं. केमिस्ट्री शिकलेली बाई आहे मी, बादलीत गाल नसतो हे मला माहीत आहे. मी हात काढला नाही. भाऊसिंग हाका मारत होता. केटल जवळजवळ बसली होती.

घरी येऊन चिऊच्या गालाला हात लावला. काही नाही.

सोजरबाईला विचारलं, तिला बादलीत काय लागतं. तिने बादली धुऊन पालथी घातली. मग म्हणाली, तिच्या नातीचे पाय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जुनं रजिस्टर सापडलं. माझ्या आधीच्या केमिस्टचं, हरीओम नाव. तापमानाच्या रकान्यात सुरुवातीला आकडे आहेत, ३९, ४१, ४२. मग अक्षर वाकडं होत जातं. शेवटच्या चार पानांवर आकडे नाहीत. प्रत्येक ओळीत एकच शब्द. कोमट. कोमट. कोमट. ड्रायरच्या ओळीतही कोमट, आणि ड्रायर एकशे वीसला चालतो. ती शेवटची ओळ.

भाऊसिंगला विचारलं, तो कुठे असतो आता. म्हणाला, गावाले गेला. त्याची आईच घास भरवते त्याले.

रविवार, १६ फेब्रुवारी

आले! हात परत आले! सकाळी उठले आणि चिऊच्या गालाला हात लावला तर लागला. कोमट, मऊ. मी तिला इतकी घट्ट धरली की ती रडली. चहाचा पेला लागला, कोमट. नळाचं पाणीसुद्धा कोमट — इतक्या पहाटे — टाकी उन्हात असते म्हणून असेल.

ऋषिकेशला फोन केला. कळवलं नव्हतं काहीच, तरी आनंदाने सांगितलं की बरी आहे. तो म्हणाला, आजारी होतीस का?

सोजरबाईलाही सांगितलं. तिला आनंद झाला नाही. म्हणाली, "येते. पण आलेल्याचा भरोसा करू नको, पोरी."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

संगीता कारखान्याच्या फाटकाशी थांबली होती. माझी वाट पाहत. म्हणाली, सासूनं पाठवलं, सांग म्हणे मॅडमले.

दोन वर्षांपूर्वी सोजरबाईचे हात मेले. मग परत आले. घरात गोड केलं. दुसऱ्या दिवशी सोजरबाईने नातीला न्हाऊ घालायला घेतलं. हात घालून पाणी पाहिलं. कोमट होतं. चुलीवरून नुकतंच उतरवलेलं. पोरगी ओरडत होती आणि म्हातारी म्हणत होती, काहून रडतं वं, कोमटच तं हाय. दुसरा तांब्या. तिसरा.

संगीता न रडता सांगत होती. मीही न रडता ऐकलं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

माझं तसं नाही. मला सगळं लागतं आता. तरी प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणायचा. हे लिहून ठेवते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पोळी भाजताना जळका वास आला. तवा पाहिला, पोळी ठीक. माझं बोट होतं. दुखलं नाही. कोमट —

थर्मामीटर ॲप्रनच्या खिशात राहिला. उद्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कस्तुराबाई पहाटेच रिसोडला गेल्या, भावाकडे लग्न, म्हणून मी आज रजेवर. जाताना दोनदा म्हणाल्या की आज न्हाऊ नको घालू लेकराले, मी आल्यावर घालीन. माझा विश्वास नाही का त्यांना — आई कोण आहे हिची —

चिऊच्या अंगाला दोन दिवसांचं तेल. वास येतोय. बादलीत रॉड लावला होता, आत्ता काढला. किती वेळ झाला, पाहिलं नाही. वाफ आहे, पण थंडीत वाफ दिसतेच.

हात घातला. मनगटापर्यंत. अगदी तसंच. बादलीतल्यासारखं. गाल —

थर्मामीटर शेडमध्ये. जाऊन येईपर्यंत पाणी निवेल.

हात लाल झालाय. डाव्या हाताने लिहितेय. पुन्हा पाहिलं. कोमटच आहे. विसण लागणार नाही.

चिऊ हसतेय, पाण्याकडे हात करतेय. पाय लांब करून बसले, तिला पायांवर घेतली. एवढं लिहून तांब्या घेते. पहिला तांब्या पायां—