गिरिधर मास्तरांचा फॉर्म

परतूर, ३ मार्च १९५८
विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची निवडणूक लागली. आमच्या हायस्कूलचे गिरिधर मास्तर उभे राहणार. त्यांच्या छातीचं दुखणं वाढलंय, म्हणून त्यांचा फॉर्म उद्या औरंगाबादला मीच न्यायचा. माझ्यावर भरवसा बघा!

४ मार्च, औरंगाबाद
फॉर्म भरला. माझा.
रेल्वेत शांतपणे विचार केला. आजारी माणसाला प्रचाराची दगदग सोसायची नाही. त्यांच्याच भल्यासाठी. त्यांचा फॉर्म पिशवीत तसाच आहे. सूचक म्हणून इथले ओळखीचे एक मास्तर मिळाले. गिरिधर मास्तरांना पत्रानं कळवलं. अशा गोष्टी तोंडावर सांगू नयेत.

१३ मार्च
गिरिधर मास्तर गेले. पत्र पोचलं का, हे विचारायची ही वेळ नव्हे. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई माझ्याकडेच बघून राह्यल्या होत्या. की मला वाटलं.
शोकसभेत बोललो. चांगलं झालं. प्रचारातही चालेल.

२० मार्च, जालना
स्टाफरूममध्ये सात मास्तर. सातही जणांनी विचारलं, "गिरिधर मास्तर उभे राहणार होते ना?"
बोलताना मागून खोकला ऐकू आला. दोन कोरडे, एक लांब. गिरिधर मास्तर असंच खोकत. मागचा बाक रिकामा होता.
जालन्यात धूळ फार.

२७ मार्च, अंबड
इथले ड्रॉइंग टीचर मल्हारी म्हणाले, "पहिली पसंती गिरिधररावांची. नरहरराव, तुमच्या नावापुढं दोनचा आकडा घालतो."
ते वारले, असं सांगितलं. म्हणाले, "ठाव हाय. एकाची जागा रिकामी ठेवतो."
मी नियम समजावला: एकचा आकडा नसेल तर मत बाद होतं.
"होऊ द्या."
शिकलेली माणसं! तरी मनातून माझ्याकडेच आहेत. विजय बराबर दिसतोय.

२ एप्रिल
नववीच्या वर्गात पुन्हा खोकला. मुलांना विचारलं, कोण खोकलं? कुणीच न्हाई, सर.
संकल्प: चहा बंद. खिडकीकडे पाठ करून शिकवायचं नाही. आमदार झाल्यावर शाळेला गिरिधर मास्तरांचा मोठा फोटो.

१३ एप्रिल
मतदान. रांगेत अगदी माझ्या मागे खोकला. वळलो नाही. ऊन फार. मतपत्रिकेवर काय लिहिलं, न बघताच घडी घालून पेटीत टाकली.

१६ एप्रिल
मोजणी. मला मतं चार.
बाद मतांत पंधरा मतपत्रिकांवर आकडा नव्हता. 'गिरिधर' एवढंच लिहिलेलं. अधिकाऱ्यांनी सगळ्या उमेदवारांना दाखवल्या.
एकीवरचं अक्षर माझं.

१७ एप्रिल
प्रेमलाबाईंकडे गेलो. पिशवीतला फॉर्म पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. हाकलतील, अशी तयारी होती.
त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र आल्तं, भाऊजी. मीच वाचून दाखवलं."
मास्तर काय म्हणाले, असं विचारलं.
"आधी लई वेळ भिंतीकडं तोंड करून पडले. मंग म्हणाले, नरहरला मतं न्हाई पडायची. कुढत बसंल एकटा. त्याला एक दिवस जेवायला बोलाव."
आणि ताट वाढलं.
वरणात मीठ नव्हतं. मी पुन्हा मागून घेतलं.