कॉमेंटला दहापैकी चार

दिवेआगर,
९ डिसेंबर

चि. मैथिली,

तुझ्या यज्ञेश्वरमामाचे आशीर्वाद, आणि मामीचे त्याच्या दुप्पट (तिने बजावून लिहायला लावलेत). पुण्यात खुर्चीवर बसून बसून धरलेली तुझी पाठ आता कशी आहे? आम्ही दोघं मजेत. माझं ब्लडप्रेशर जरा चढलंय, पण ते आनंदाने, तेव्हा गोळ्यांचं विचारू नकोस. बारावीनंतर तू माझ्यापाशी गणिताचा ग काढला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र गणिताचंच आहे, शेवटपर्यंत वाच.

अगं, तुझा मामा जगभरात गेला! म्हणजे मी इथेच आहे, पण देशोदेशीचे लोक वापरतात अशा एका गणिताच्या कोडच्या लायब्ररीत माझं नाव लागलं. झालं असं, की आश्लेषा (तुझी मामेबहीण हल्ली घरूनच काम करते, म्हणजे ओटी अडवून बसते) आंघोळीला गेली आणि लॅपटॉप उघडा राहिला. मी सहज डोकावलो, तर समोर चक्क मॅट्रिक्स, आपली आकड्यांची चौकट! कोडच्या वर वाचणाऱ्यासाठी हे लोक इंग्रजीत टीप घालतात, तिला कॉमेंट म्हणतात. टीप म्हणते, इथे आडव्या ओळी मोजल्या आहेत. खाली बघावं तर मेल्यांनी उभे स्तंभ मोजलेले! टाळकंच सटकलं माझं. गणित बरोबर आणि विधान खोटं, अशा पोरांना मी छत्तीस वर्षं सोडलं नाही, यांना सोडतो की काय?

आश्लेषाने केस पुसता पुसता मला खातं उघडून दिलं. आपण दुरुस्ती सुचवायची, त्यांनी तपासायची, पटली तर आपलं नाव यादीत, असा तिथला रिवाज. मला ते नाव हवंच होतं, लपवू कशाला? निवृत्त झाल्यापासून माझं नाव फक्त लाइटबिलावर येतं. तीन दिवस खपून तीन चुका काढल्या. (त्या नादात वाडीतला पंप बंद करायचा राहिला आणि होमस्टेच्या पाहुण्यांच्या चपला पाटातून थेट शेजारच्या करमअलीच्या वाडीत गेल्या. त्या बिचाऱ्याने जोड्या लावून परत आणून दिल्या. मामी अजून त्यावर बोलते आहे.) पाठवताना हाताच्या सवयीने खाली शेराही दिला: दहापैकी चार, निष्काळजीपणा, बरोबर वाक्य पाच वेळा लिहून आणणे. आश्लेषाने कपाळाला हात लावला, पण बटण दाबून झालं होतं.

आणि काय सांगू तुला! लायब्ररी सांभाळणारा जो नॉर्वेतला गृहस्थ आहे, त्याने खरोखर पाच वेळा लिहून पाठवलं! पहिली दुरुस्ती मंजूर, दुसरी मंजूर, यादीत नाव! मी असा ओरडलो की मामीला वाटलं साप निघाला, ती कोयता घेऊन धावली. कळल्यावर तिने नारळाच्या वड्या थापल्या आणि मी त्या आळीभर वाटल्या. पहिल्या पगारालाही मला इतका आनंद झाला नव्हता, खरंच सांगतो.

तिसऱ्या दुरुस्तीबद्दल विशेष काही नाही. कागदही संपत आला. वेळेवर जेवत जा.

तुझा,
यज्ञेश्वरमामा

ता. क. – तिसरी दुरुस्ती नामंजूर झाली. टीप अशी होती, की दोन मॅट्रिक्सचा गुणाकार शून्य आला, तरी त्यांतली एखादी शून्य असलीच पाहिजे असं नाही. मी ते खोडून 'असलीच पाहिजे' केलं आणि दहापैकी शून्य दिले. त्या गृहस्थाने नम्रपणे दोन छोट्या मॅट्रिक्स पाठवल्या. दोन्हींतही शून्याखेरीज आकडे. मी पेन्सिल घेऊन तीनदा गुणल्या, तीनदा शून्य आलं. पत्राचं खरं काम हे, की तू याच कोडच्या धंद्यात आहेस, तर तो माझा शेरा तिथून पुसता येतो का बघ. आश्लेषाला सांगायची लाज वाटते, आणि अख्खं जग वाचतंय गं.

ता. क. दुसरा – पुसू नकोस. तुमच्या बारावीला मी एकच वर्ष, रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी जागी, शिकवायला आलो होतो, आणि तू फळ्यावर नेमकं हेच मांडलं होतंस. मी न तपासताच डस्टर फिरवलं आणि तासभर तुला वर्गाबाहेर उभं केलं. सख्खी भाची, म्हणून जरा जास्तच. आज सकाळी त्या शेऱ्याखाली माझ्या मोडक्या इंग्रजीत मी हे सगळं लिहून टाकलं, तुझ्या नावासकट. नॉर्वेवाल्याने लगेच विचारलं, त्या मुलीची माफी मागितलीत का? मैथिली, चुकलो गं मी. आता त्याला काय कळवू, ते तूच सांग.