कवळीचे फोटो काढण्याविषयी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या तो खुर्चीत बसूनच घालतो आहे, पोचला असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्यांना शेक देणं चालू आहे ना? खोकला गेला, की मुक्कामालाच आहे? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर माझ्याखेरीज सगळे खुशाल आहेत, आणि तेही माझ्यापासून लांब असतात तेवढा वेळच. पत्राला उशीर झाला, कारण मी सध्या विद्यार्थी आहे. या वयात, चष्म्याचा नंबर दोनदा वाढल्यावर, मी फोटो काढायला शिकतो आहे, आणि मला ते येत नाही.

तुम्हाला माझा धंदा ठाऊकच आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप पाठवतात, मी कवळी करून देतो, डॉक्टर ती बसवतात आणि नाव त्यांचं होतं. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. उलट आपलं काम चांगलं झालं याची खूण हीच, की ते झालंय हे समोरच्याला कळू नये. लग्नसमारंभात कुणी खदाखदा हसत असलं आणि ते हसू माझ्या कारखान्यातलं असलं, की मी भिंतीला टेकून गप्प बसतो. पण हल्ली एकेक डॉक्टर गळायला लागले. (दातांसारखेच, आधी हलतात, मग पडतात.) नवी मोठी प्रयोगशाळा निघाली आहे, तिथे यंत्र दात कातून देतं म्हणे. आता एकच डॉक्टर उरले, ज्यांना आम्ही घरात 'आमचे डॉक्टर' म्हणतो. त्यांनीही एक दिवस विषय काढला, की प्रयोगशाळेवाले चकचकीत फोटो देतात, पेशंट फोटो बघून ठरवतो, तुमचे आहेत का? मी म्हटलं, माझ्याकडे साचे आहेत. ते म्हणाले, साचे भिंतीवर कसे लावू?

लेकीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, त्यात काय, ऑनलाइन कोर्स असतात," आणि मी नको म्हणेपर्यंत तिने माझं नाव घातलंसुद्धा. कोर्स प्रॉडक्ट फोटोग्राफीचा. म्हणजे विकायच्या वस्तूंचे असे फोटो काढायचे, की बघणाऱ्याला ती वस्तू हवीशी वाटली पाहिजे. सर माझ्या लेकीपेक्षा लहान आहेत, टोपी उलटी घालतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" विचारतात. मी पहिले काही दिवस दर वेळी "हो सर" म्हणत होतो. मग तुमच्या भाचेसुनेने सांगितलं, की ते रेकॉर्डिंग आहे.

पहिला धडा पांढऱ्या पार्श्वभूमीचा. खिडकीशी टेबल ओढलं (जेवायचं, तेव्हापासून आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवतो), त्यावर पांढरा कागद वाकवून उभा केला, कवळी ठेवली आणि फोटो काढला. दात पांढरे, कागद पांढरा, त्यामुळे दात कागदात विरघळून गेले आणि गुलाबी हिरड्या तेवढ्या राहिल्या. लेकीला फोटो पाठवला, तर तिने विचारलं, हे कानाचं यंत्र आहे का. मग काळा कागद घेतला. त्यावर दात असे काही उजळले, की चहा घेऊन आलेली भाचेसून दारातच थांबली, कप तिथेच जमिनीवर ठेवून परत गेली.

पुढचा धडा ताजेपणाचा. वस्तूवर ग्लिसरीनचे बारीक थेंब शिंपडले, की ती टवटवीत दिसते, असं सर म्हणाले. फळांचं माहीत नाही. कवळीवर थेंब आले, की ती एवढ्यातच कुणाच्या तरी तोंडातून काढली आहे असं दिसतं. त्याच्या पुढचा धडा, वस्तू तिच्या रोजच्या जगात दाखवा, फोटोतून गोष्ट सांगा. मी उघडं पुस्तक ठेवलं, त्यावर चष्मा ठेवला, शेजारी कवळी. गोष्ट तयार झाली खरी, पण ती अशी, की वाचता वाचता वाचणाऱ्याची वाफ झाली आणि एवढंच मागे उरलं. मग सफरचंदाजवळ ठेवली. तेव्हापासून घरात कुणी सफरचंद खात नाही.

आठवड्यातून एकदा सर स्वतः समोर येतात आणि सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावून चुका सांगतात. आमच्या वर्गात कुणी घड्याळं विकतं, कुणी अत्तर, एक बाई साबण करतात. त्यांच्या साबणाचा फोटो बघून मलाच अंघोळ करावीशी वाटली. मग माझा फोटो लागला. सर बोलता बोलता थांबले. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. मला वाटलं इंटरनेट अडकलं, म्हणून मी म्हटलं, "सर, तुमचा आवाज येत नाहीये." ते म्हणाले, "आवाज आहे, काका." सरांची दातखिळी बसली होती. (हा शब्द मी फार जपून वापरतो.) मग सावरून म्हणाले, "काका, प्रकाश छान जमलाय. पण या वस्तूला माणूस लागतो. ही एकटी असली, की बाकीचा माणूस कुठे गेला, हाच प्रश्न पडतो. बरोबर?" या वेळी मी "हो" म्हटलं ते योग्य होतं.

माणूस आणायचा कुठून? ज्यांच्या तोंडात माझं काम आहे, त्यांनी ते गुपित बायकामुलांपासूनसुद्धा राखलेलं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेला कसंबसं राजी केलं. बाई ओठांना रंग लावून, ठेवणीतला ड्रेस घालून आल्या, खुर्चीत ताठ बसल्या आणि तोंड उघडेनात. मी दिवे फिरवले, विनोद सांगितले. माझ्या विनोदावर त्यांनी मिटल्या ओठांनी असं बघितलं, की मी आपोआप उभा राहिलो. सगळे फोटो वर्गाबाहेर उभं करतानाचे आले.

आता मुख्य आपत्ती सांगतो. दिवे नीट लागलेत का ते बघायला मी भाचेसुनेला त्या खुर्चीत बसवलं. तिचे सगळे दात तिचे स्वतःचे, हे तुम्हाला माहीत आहे. ती कशावर तरी हसली (माझ्यावरच), आणि मी बटण दाबलं. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंतचा फोटो. मामा, तसा फोटो मी आजवर काढला नाही आणि पुन्हा काढणार नाही. नंतर डॉक्टरांना फोनवरून कवळ्यांचे फोटो पाठवताना तोही त्यात गेला. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. म्हणाले, "शेवटचं काम तुमचं आजवरचं सगळ्यात सुंदर. पुढचा एक दात किंचित तिरका ठेवलात, ही खरी कला. यंत्राला हे सुचणार नाही." मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत डॉक्टरांनी माझ्या कामाला सुंदर म्हटलं नव्हतं. मी "हं" म्हटलं.

त्यांनी तो मोठा करून, चौकट करून, पेशंट बसतात तिथे लावला. लोक त्याकडे बोट दाखवून "असेच द्या" म्हणायला लागले. मग एकदा तयार कवळ्यांचा डबा द्यायला भाचेसून दवाखान्यात गेली (मी कंबरेमुळे घरी), आणि भिंतीवर तिला तिचं स्वतःचं हसू दिसलं. घरी आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "एवढी वर्षं संसार केला, मी कवळी आहे हे आज कळलं." त्यानंतर ती माझ्याशी बोलते, पण ओठ फारसे न उघडता.

दुसऱ्या दिवशी तशाच कंबरेने जाऊन मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्चीवर चढून स्वतःच्या हाताने चौकट उतरवली आणि विचारलं, "मग बाकीचे फोटो कुणाचे?" मामा, हे मला फार लागलं. बाकीच्यात कुणी माणूसच नाही, हे त्यांना सांगण्यातही काही अर्थ नव्हता. निघताना म्हणाले, खरी कवळी घातलेल्या खऱ्या माणसाचा एक फोटो पुढच्या महिन्यापर्यंत द्या, नाहीतर मलाही प्रयोगशाळेकडे जावं लागेल. तोंडावर सांगितलं, एवढं बरं केलं. तेव्हापासून मी कारखान्यात नुसता बसून असतो. हाताला काम नाही असं पूर्वी कधी झालं नव्हतं. समोर कोर्सचा पुढचा धडा उघडा असतो आणि टोपीवाले सर विचारत असतात, बरोबर?

असो. तुम्ही वडीलधारे, म्हणून मन मोकळं केलं. प्रकृतीला जपावं. थोरांना नमस्कार, लहानांना पाहिजे असतील तर आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. ताई सांगत होती, की मामी गेल्यापासून तुम्ही मी करून दिलेली कवळी कपाटात ठेवून दिली आहे, सगळं कुस्करून खाता, कुणाकडे जात नाही आणि फोनवर 'हं' आणि 'बरं' यापुढे सरकत नाही. तर काही दिवस इकडे येऊन राहा आणि येताना कवळी आणा. मला फोटोसाठी माणूस हवा आहे. नाकाच्या वरचं काही घेणार नाही, कुणी ओळखणार नाही. घाईही करणार नाही. मामी म्हणायच्या, नवे दात बसवल्यापासून हे उगीचच हसत असतात. त्यातलं थोडंसं मिळालं तरी माझं काम भागेल.

ता. क. दुसरा : भाचेसून म्हणते, फोटोबिटो काही नको, नुसते या. ती टेबल रिकामं करून देते आहे. (हे तिने पूर्ण तोंड उघडून सांगितलं.)

ता. क. तिसरा, हा ताईला वाचून दाखवू नये : तुम्ही दुःखाने कवळी घालत नाही, असं घरात सगळ्यांचं मत आहे. मीही चारचौघांत तेच म्हणतो. पण एक शंका मनातून जात नाही. खाली डाव्या बाजूला टोचते का? टोचत असेल तर कृपा करून डॉक्टरांकडे नेऊ नका, कुणाला बोलूही नका. इथे आलात, की चपला काढायच्या आत घासून देतो. आणि खरंच दुःखच असेल, तर एवढं लिहिलेलं वाचलंच नाही असं समजा आणि मला माफ करा. काहीही असलं तरी ती कपाटातून काढून आजच पाण्यात घाला. कोरडी राहिली की वाकते.