तिसरा परिच्छेद

प्रिय टिपकागद,

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. गुरुवारी अकरा वाजता तुला शाळेच्या चौकशी समितीपुढे उभं राहायचंय, आणि तुझं मूळ पत्र सापडलं नाही तर तुला बडतर्फ करणार हे जवळजवळ ठरलेलंच आहे, एवढं तू चार ओळींत लिहिलंस. तेहतीस वर्षं शिकवलंस, निवृत्तीला एक वर्ष उरलं, आणि त्यावर चार ओळी. पूर्वी शेजाऱ्यांच्या आजारी कुत्र्याबद्दलही तू मला सहा पानं लिहायचीस. कोपऱ्यात शाईचा डाग मात्र नेहमीसारखा होता. तेवढा पाहून बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटली.

दोन दिवस मला आपलं कॉन्व्हेंटचं वसतिगृह आठवतंय, जिथे तू टिपकागद झालीस आणि मी शिडी. रविवारी सकाळी सगळ्या मुलींनी घरी पत्र लिहायचं, पाकीट उघडंच ठेवायचं आणि सिस्टरच्या टेबलावर नेऊन द्यायचं. सिस्टर निळी पेन्सिल घेऊन बसायच्या. चाळीस पत्रं, आणि जेवणाची घंटा व्हायच्या आत संपवायची. त्यांचे डोळे वरच्या अर्ध्या पानावर नीट फिरतात आणि खाली आले की दमतात, हे तू दुसऱ्याच महिन्यात हेरलंस. मग तू वर लिहायचीस की इथे सगळं छान आहे, प्रार्थनेत मन रमतं, सिस्टर आईसारख्या आहेत. आणि अगदी तळाशी, सहीला चिकटवून, की दूध पाणचट असतं, गादीत ढेकूण आहेत, मला घेऊन जा. मलाही तूच शिकवलंस. वरचं सिस्टरला, खालचं आईला, असं म्हणायचीस. ती खोड तुझी कधी गेली नाही. लग्न ठरल्याचं कळवलंस तेव्हा दीड पान हवापाण्याचं होतं, अर्धं पान वहिनीच्या बाळंतपणाचं, आणि शेवटी ता. क. घालून, माझं ठरलं, मुलाचे कान मोठे आहेत पण मन बरं दिसतं. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. तुझं खरं बोलणं तळाशी असतं हे तुझ्या नवऱ्याला उमगायला काही वर्षं लागली असतील. मला ते बाराव्या वर्षापासून माहीत आहे.

ते जुने शिक्षणमंत्री वारले त्याच्या चौथ्या दिवशी तुझं पत्र आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आलं. वाचकांच्या पत्रांचं पान माझं, म्हणून शिपायाने नेहमीसारखं माझ्या टेबलावर आणून टाकलं. रेघांचा कागद, निळी शाई. अक्षर ओळखून मी इतर टपाल बाजूला सारलं आणि चहा मागवला. पहिल्या परिच्छेदात तू शिक्षकांच्या त्या जुन्या संपाबद्दल लिहिलं होतंस. त्यांनी शिक्षकांना कसं एका सहीनिशी घरी बसवलं, आणि त्यात तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली ती गेलीच. माणूस घरात असूनही परत आला नाही, हे तुझं वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. दुसऱ्यात लिहिलं होतंस की त्यांच्या मृत्यूची बातमी ऐकून मला दुःख झालं नाही, खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. आणि तिसऱ्यात वर्गातल्या मुलांचं, ज्यासाठी ते पत्र तू लिहायला घेतलं होतंस.

आमच्या कचेरीत नवीन माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. जागा कमी पडली तर खालून कापायचं. बातमीत महत्त्वाचं ते वर असतं, तळाशी उरलंसुरलं. घाईत वाचायचीही गरज नाही, शेवटून ओळी मोजायच्या आणि उडवायच्या. वाचकांच्या पत्रांनाही तोच नियम लागला, कारण त्यांच्यासाठी वेगळा नियम करायला कुणाला सवड नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता एक जाहिरात आली. सिमेंटच्या कारखान्याने त्याच मंत्र्यांना वाहिलेली आदरांजली, हात जोडलेल्या फोटोसकट. ती माझ्याच पानावर बसवायची होती. पान लावणारा म्हणाला, अकरा ओळी काढा. तुझा तिसरा परिच्छेद बरोबर अकरा ओळींचा होता.

पुढचं तुला मी काय सांगू, ते तुझ्याच अंगावर आलं. सकाळी आठला त्या कात्रणाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. दहाला तुझ्या शाळेच्या फाटकावर गर्दी. तुला मागच्या दाराने, प्रयोगशाळेतल्या कपाटांमधून बाहेर काढलं, आणि तुझी चप्पल तिथेच राहिली, हे मला तू सांगितलं नाहीस, आमच्या बातमीदाराने हसत हसत सांगितलं. जिच्या मुलाला तू घरी बोलावून फुकट गणित शिकवलंस ती आईच सगळ्यांत पुढे होती म्हणे. दोन दिवसांनी दुसरी बाजू जागी झाली. त्यांनी तुझा फोटो फलकावर लावला, खाली 'निर्भीड गुरुजन', आणि हार घेऊन तुझ्या दारात आले. तू हार परत पाठवलास तर तेही रागावले, बाई विकल्या गेल्या म्हणाले. एकाने शिव्या घातल्या, दुसऱ्याने डोक्यावर घेतलं, आणि दोघांनी वाचलं होतं ते अर्धंच. अर्धं हातात देणारी मी.

कचेरीत तेव्हापासून चहाच्या दोन वेळा झाल्या आहेत. साडेचारचा चहा एका पक्षाच्या माणसांचा, पाचचा दुसऱ्यांचा. वीस वर्षं एका डब्यातून जेवणारी माणसं आता एकमेकांना स्टेपलर मागत नाहीत. मी दोन्ही वेळा टेबलावरच चहा घेते आणि काम आहे म्हणते. घरीही तेच. आमच्या चिरंजीवांनी ते कात्रण घरच्या ग्रुपवर टाकलं, वर स्वतःची ओळ, अशा बाईंच्या हाती मुलं द्यायची का? ज्या मावशीने त्याला सायकल शिकवली तिलाच तो 'अशा बाई' म्हणत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता, कारण छापताना नावाऐवजी 'एक शिक्षिका' एवढंच होतं. तुझं नाव त्यानंतर तासाभरात कुणीतरी शोधून काढलं. मग तो माझ्याकडे आला, थोडा ओशाळला, आणि म्हणाला, मावशी असली म्हणून काय झालं आई, लिहिलं ते लिहिलंच ना. मी म्हटलं, जेवून घे.

तू विचारशील, दुरुस्ती का नाही छापली. मी गेले होते संपादकांकडे. तिसऱ्या दिवशी, दोन ओळी लिहून घेऊन. त्यांनी वाचल्या, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बाई, शेकोटी पेटलीय, सगळे शेकतायत. तुम्ही कशाला पाणी ओतताय?" त्या आठवड्यात आमचा खप वाढला होता. मालकांना मंत्र्यांच्या पक्षाशी गोडी ठेवायची होती आणि त्या पक्षाला एक खलनायिका हवी होती. मी बरं म्हणून बाहेर आले. दार हळू लावलं, आपल्याला शाळेत शिकवलं होतं तसं, आवाज न करता. आपल्याला काय काय शिकवलं गं. नखं स्वच्छ, पाठ ताठ, मोठ्यांपुढे बोलायचं नाही. या वयात त्यातलं शेवटचं तेवढं माझ्या हाडात उरलंय.

आणि आता जे मला वरच्या अर्ध्या पानात लिहिता आलं नाही ते. तू पहिल्यांदा फोन केलास तेव्हा मी म्हटलं की संपादकांनी कापलं असेल, मी त्या दिवशी पान पाहिलंच नाही. तू लगेच म्हणालीस, तुझ्या हातून असं व्हायचंच नाही, मला माहितीय. एकदाही विचारलं नाहीस, तू कापलंस का? या विश्वासाचा मला किती राग आला म्हणून सांगू. थोडा संशय घेतला असतास तर मी कदाचित तेव्हाच बोलले असते. कापलं मीच. मोजून, लाल पेनाने. आणि घाईत न वाचता कापलं असंही नाही. दुपारी मी ते दोनदा वाचलं होतं. त्या दिवशी पानावर तीन पत्रं होती. एक निवृत्त न्यायाधीशांचं, त्यांची एक ओळ हलली तर मालकांना फोन जातो. दुसरं एका डॉक्टरांचं, ते वर्षभर टोमणे मारतात. तिसरं तुझं. घरचं माणूस काही म्हणणार नाही, असा विचार करून मी तुझ्यावर पेन ठेवलं. पाहुण्यांना आधी वाढतात आणि घरच्यांना काय उरेल ते, तसं. तळाशी तू काय ठेवतेस हे जगात ज्या एकीला माहीत होतं तिनेच तळ कापला. राजकारण नव्हतं त्यात, पक्ष नव्हता. असता तर निदान चुकीला काही उंची तरी आली असती.

महिन्याभराने तू दुसऱ्यांदा फोन केलास आणि विचारलंस, मूळ पत्र आहे ना तुझ्याकडे? मी म्हटलं, बघते. मग दोन दिवसांनी कळवलं की आमच्याकडे मूळ पत्रं महिन्यानंतर टाकून देतात. तेही खोटं. तीन महिने ठेवतात, माझ्याच कपाटात, निळ्या फायलीत. तुझा फोन ठेवला आणि मी ते काढलं. तिसऱ्या परिच्छेदावर माझी आडवी लाल रेघ होती आणि कडेला माझी आद्याक्षरं. ते कुणाला दाखवलं असतं तर सगळं एका नजरेत कळलं असतं. माझ्या निवृत्तीला आठ महिने आहेत. मी ते फाडलं. बारीक तुकडे केले आणि पँट्रीत चहाचा चोथा टाकतात त्या बादलीत टाकले. मग हात धुऊन जागेवर बसले आणि दुसऱ्या दिवसाचं पान लावलं. आठवतं तुला, ख्रिस्ती मुली फादरपुढे आपली पापं कबूल करून कन्फेशनच्या लाकडी पेटीतून बाहेर यायच्या तेव्हा आपण दोघी बाकावर बसून त्यांचा हेवा करायचो? किती हलक्या दिसायच्या. मला हलकं वगैरे काही वाटत नाहीये. कसंतरी होतंय, एवढंच.

तर हे पत्र मी माफी मागायला लिहिलेलं नाही. मागून काय करू? माझ्या माफीने तुझी नोकरी टिकणार नाही. हे समितीपुढे ठेवायला लिहिलं आहे. मूळ कागद आता नाही, पण तुझ्या अकरा ओळी मला पाठ आहेत आणि त्या मी इथे शपथेवर उतरवते आहे: "दुसऱ्या दिवशी वर्गात दोन मुलं त्या बातमीवर हसली आणि त्यातल्या एकाने टाळी वाजवली. मी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की मृत्यूवर हसायचं नाही, माणूस कोणीही असो. माझं मंत्र्यांशी भांडण होतं आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते माझं आहे. ते तुम्ही माझ्याकडून घ्यायचं नाही. मग आम्ही सगळे मैदानात उभे राहिलो, आणि मीही मान खाली घातली." हे शब्द तिने लिहिले होते, मी वाचले होते, मी कापले आणि पुरावा मी नष्ट केला, असं पाठीमागे माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घालून सही केली आहे. मला साक्षीला बोलावू नकोस. चार माणसं समोर बसली की माझी बोबडी कशी वळते हे आता तुलाही ठाऊक झालंय. वसतिगृहातल्या आठवणी आणि माझं रडगाणं समितीला ऐकवायचं नसेल तर शेवटची दोन पानं पुरतील. या कबुलीची सही केलेली एक प्रत मी आज दुपारीच संपादकांच्या टेबलावर ठेवून आले, म्हणजे उद्या सकाळी माझं मन फिरलं तरी उपयोग नाही. पोस्टावर भरवसा नाही, मधे तीनच दिवस आहेत. तू सकाळी सातला दूध आणायला खाली उतरतेस, तेव्हा येऊन पाकीट दाराखालून आत सरकवेन. मी जिन्यात थांबणार नाही.

तुझीच, हे तू खोडलंस तरी चालेल,
शिडी