यंत्र झालेली मुलगी

सर, मी आता शिकवतो. हसू नका. ताथवड्याचं कॉलेज मध्येच सुटलं. जिच्यावर माझा जीव आहे तिच्याबद्दल वाकडं बोलणाऱ्या एकाला वर्गातच हाणला होता. आज ती कुरुळीत क्लास चालवते, आणि नववीचा इतिहास तिने माझ्याकडे दिलाय. देतानाच म्हणाली, "पोरांना एकदा जरी मारलंस, तर क्लासही नाही आणि मीही नाही." ती नसली तर माझं काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

काळेवाडीच्या शाळेत युरोपची औद्योगिक क्रांती शिकवताना तुम्ही पुस्तक उघडायचा नाहीत. एकाला गिरणीमालक करायचात, एकाला यंत्र, बाकीचे सगळे हातमागाचे विणकर. यंत्राने बाक बडवायचा, वेग वाढवत न्यायचा; विणकरांनी त्या तालावर हवेत विणायचं. ज्याचे हात मागे पडतील त्याने गाव सोडून कोपऱ्यात, म्हणजे शहरात, जाऊन बसायचं. तुम्ही वारलात तेव्हा मी दहावीत होतो. तो खेळ नंतर कुणी घेतलाच नाही.

काल मी घेतला, भर दुपारी. एका अबोल मुलीला यंत्र केलं. तिचे वडील चाकणला एका कंपनीत मशीनवर असतात. मागून एकजण ओरडला, "मालक, ओव्हरटाइम देणार का?" मालक म्हणाला, "आधी काम कर, भावा!" सगळे हसतात. ती मुलगी बाक बडवते. एकेक विणकर उठून कोपऱ्यात जातो, तसतसं हसू विरत जातं. शेवटचाही गेला तेव्हा मी म्हणालो, "बास." ती थांबली नाही. कोपऱ्यातली पोरंही त्याच तालात फरशी बडवू लागली, आणि सगळ्यांची नजर माझ्या खांद्यामागे, जिथे नुसती भिंत. "बास म्हणतोय ना!" माझा हात वर गेला होता. तेव्हा ती मुलगी, पापणीही न हलवता, म्हणाली, "हात खाली घे, बाळा."

सर, मला बाळा म्हणणारे तुम्ही एकटेच. मैदानावरच्या मारामारीत माझं मनगट धरून हेच म्हणायचात. हात खाली आला खरा, पण मी आणला नव्हता. मनगटाभोवती काहीतरी गार होतं. एकदम सगळं थांबलं. ती मुलगी रडवेली होऊन विचारते, "सर, माझं काय चुकलं?" मी म्हणालो, "काही नाही गं."

जिच्यासाठी हे सगळं चाललंय, ती दारात उभी होती. "आवरलंस की स्वतःला," म्हणाली, आणि पहिल्यांदाच आपल्या हाताने मला चहा ओतून दिला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढंच लिहून ठेवतो: ती शाबासकी मी घेतली, सर. तुमचं नाव काढलं नाही.